नकाशा कुणाचा, सही कुणाची?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला घर बांधण्याचा ताप पुरेपूर ठाऊक असणार. पण एक ताप त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्याला नकाशा मंजूर करून घ्यावा लागला नव्हता. आज साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी घर बांधू पाहणारा माणूस विटा, वाळू, सिमेंट, गवंडी आणि सेंट्रिंगवाला यांच्याही आधी एका वेगळ्याच माणसाच्या शोधात निघतो. हा माणूस म्हणजे नकाशा काढणारा.

निवृत्तीचे पैसे हाती आलेला शिक्षक असो, सुरतेच्या कारखान्यात पंधरा वर्षे घालवून परतलेला तरुण असो, नाही तर कांद्याला एखाद्या वर्षी बरा भाव मिळालेला शेतकरी असो. त्याची मागणी ठरलेली असते. ‘भाऊ, माले नकाशा जोयजे.’ आणि ‘कसे घर हवे?’ असे त्याला सहसा कुणी विचारत नाही. विचारले जाते ते ‘बँकेसाठी की नगरपंचायतीसाठी?’ असे. भूखंडाची लांबी-रुंदी आणि उताऱ्याची प्रत एवढ्यावर काम भागते. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि जिना कागदावर उमटतात, खाली शिक्का बसतो आणि घरमालक समाधानाने परततो. त्याने जे विकत घेतले ती केवळ सही असते. घराचा विचार कुणीच केलेला नसतो.

साक्रीचे नाव घेतले ते केवळ उदाहरण म्हणून. तालुक्याच्या कोणत्याही गावी हेच दिसेल. पण उदाहरण म्हणून साक्री बोलके आहे. कान नदीच्या काठचे हे गाव नागपूर-सूरत महामार्गावर वसले आहे. इथे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तालुक्याच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरू लागल्या आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. महामार्गाच्या बाजूने शेतांचे बिनशेती ले-आऊट पडले, त्यांना देवादिकांची नावे मिळाली. गाव वाढते आहे. पण हे वाढणे आखायचे कुणी, याचे उत्तर ना घरमालकाजवळ आहे ना गावाजवळ.

खणांचा हिशेब

पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता, कारण त्याचे उत्तर गावातच होते. खानदेशातले जुने घर धाब्याचे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर आडव्या कड्या आणि त्यावर मातीचा जाड थर. घराचे माप चौरस फुटांत सांगत नसत. ते खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. ‘पाच खणांचे घर’ म्हटले की सुताराला लाकूड किती लागेल, गवंड्याला भिंत किती उचलायची आहे आणि व्याह्याला घरची परिस्थिती काय आहे, हे सारे एका दमात कळे. सुतार हाच नकाशा काढणारा, हाच हिशेबनीस आणि हाच देखरेख करणारा. घर पडले तर तोंड लपवायला त्याला जागा नव्हती, कारण तोही त्याच गल्लीत राहत असे.

या जुन्या घरांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. डोक्यावर मातीचा थर वाढवत नेला की काय होते, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात पाहिले. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. आणि तो भाग तर त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. तेव्हा जुने ते सारे सोने नव्हते. जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र चोख होती. घर कुणी आखले, हे साऱ्या गावाला ठाऊक असे.

हीच गोष्ट पाण्याची. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, प्रत्येक फडात पाळीपाळीने एक पीक, पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागले. कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या तुकड्यापुरते पाणी वळवता येत नसे, कारण आखणी साऱ्या फडाची असे. आज ज्याला ‘नियोजन’ हा भारदस्त शब्द आहे, ते या तालुक्यातले शेतकरी कोणतीही पदवी न घेता करत होते.

आणि जिथे गावचे ज्ञान अपुरे पडे, तिथे बाहेरून जाणकार येई. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांतले एक साक्री तालुक्यातल्या दातर्तीचे. पांझरेच्या पाटाचे पाणी ओढ्यापलीकडे नेणारा नळांचा सायफन त्यांनी तिथे उभारला. विशी नुकतीच ओलांडलेला तो अभियंता धुळ्यात बसून नकाशावर सही करून मोकळा झाला नाही. ऐन पावसाळ्यात तो कामावर होता, वाळूने काम अडवले ते त्याने पाहिले आणि ते पुरे केले. पुढे भारतरत्न झालेल्या माणसाची उमेदवारी आपल्या तालुक्यात झाली, याचा अभिमान साक्रीकरांना आहे आणि तो रास्त आहे. पण अभिमानाबरोबर एक प्रश्नही यावा. एकशे चाळीस वर्षांपूर्वी दातर्तीला जागेवर येऊन उभा राहणारा अभियंता मिळाला; आज साक्रीच्या नव्या वसाहतीत तो का मिळू नये?

गज दिसत नाही

मधल्या काळात घर बदलले. सिमेंट परमिटवर मिळण्याचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हा बदल नेमका कधी झाला ते सांगता येईल. सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. लाकूड महाग होत होते, सिमेंट दुकानात मिळू लागले. पाहता पाहता धाबे गेले आणि स्लॅब आला. पण स्लॅबबरोबर त्याचे शास्त्र आले नाही. गवंड्याने शेजारच्या गावातले काम पाहिले, तिथले कॉलम मोजले आणि इथे तसेच उभे केले. काही मिस्त्री याच मार्गाने खरोखर उत्तम कारागीर झाले. पण पाहून शिकलेल्या माणसाला तेवढेच येते, जेवढे डोळ्यांना दिसते.

अडचण इथेच आहे. लाकडी खांब किडला तर दिसतो, तुळई वाकली तर दिसते. कॉलमच्या पोटातला गज दिसत नाही. गज किती जाडीचे, रिंगा किती अंतरावर, गजाभोवती काँक्रीटचे आवरण पुरेसे सुटले की नाही, मिक्सरमध्ये पाणी जास्त ओतले गेले का, स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले का, यातले काहीही रंग दिल्यानंतर कळत नाही. ज्या दिवशी कळते त्या दिवशी उशीर झालेला असतो.

त्यात आपली जमीन. खानदेशातली काळी माती कापसाला आई आहे, पण घराला ती सावत्र. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नाही, तर घर दरवर्षी थोडे वर उचलले जाते आणि थोडे खाली बसते. नव्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग अनेकांनी पाहिली असेल. ती भेग पुट्टीने बुजवतात, पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा येते. मग कुणी वास्तुदोष सांगतो, कुणी दार हलवायला लावतो. दोष बहुधा पायात असतो आणि तो एका खड्ड्याने आधीच कळला असता. बांधकामापूर्वी माणूस-दीड माणूस खोल खड्डा खणून खाली काय लागते ते पाहणे, हे नियोजनाचे पहिले पाऊल. ज्याने भूखंड पाहिलाच नाही, त्याच्या नकाशात हा खड्डा कुठून येणार?

उन्हाचेही तेच. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो अशा मुलखात आपण पश्चिमेला मोठी खिडकी आणि डोक्यावर उघडा स्लॅब घेऊन राहतो, मग कूलर आणि वीजबिलाच्या नावाने बोटे मोडतो. धाब्याच्या घरात दुपारी गारवा असे, कारण मातीचा थर ऊन अडवी. स्लॅबच्या घरातही तो आणता येतो. दिशा, सावली, वाऱ्याची वाट आणि गच्चीवरचा एखादा जादा थर यांचा विचार आधी करावा लागतो, एवढेच. तसेच घरातल्या बाईला विचारावे लागते की ओटा कोणत्या बाजूला हवा, पाणी कुठे भरणार, धान्याच्या कोठ्या कुठे ठेवणार. आणि म्हाताऱ्या आईला विचारावे लागते की रात्री संडासला जाताना किती पायऱ्या उतराव्या लागतील. हे प्रश्न विचारतो तो खरा नकाशा काढणारा.

कायद्याने काय म्हटले आहे?

आता हा माणूस शोधायचा कसा? शब्दांचा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे टेबल, मोजपट्टी आणि संगणक असलेला प्रत्येक जण ‘इंजिनिअरसाहेब’ असतो. कायद्याने मात्र भेद केले आहेत. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंद असलेल्यालाच स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले की हे संरक्षण पदवीनामाला आहे; नोंदणी नसलेल्याला आराखड्याचे काम करायला हा कायदा बंदी करत नाही, फक्त त्याने आर्किटेक्ट हे बिरुद लावू नये. म्हणजे पाटी वाचून फसगत होऊ नये एवढी तजवीज झाली. पाटीमागचा माणूस किती जाणतो, हे पाहण्याचे काम ज्याचे त्याच्यावर राहिले.

दुसरीकडे राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून साऱ्या महाराष्ट्राला एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यात वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता, कुणी किती मोठ्या कामावर सही करावी याची मर्यादा आणि जबाबदारी दिली आहे. त्याच नियमावलीने लहान घरांची वाट सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेली कागदपत्रे, परवानाधारकाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क दाखल केले की तीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत निर्णय. ग्रामीण भागातही सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी नगररचना खात्याचे हेलपाटे वाचले.

हे चांगलेच झाले. टेबलाटेबलावर अडणाऱ्या फाईलचे दुःख ज्याने भोगले आहे तो या निर्णयाला नावे ठेवणार नाही. पण त्याचा अर्थ पुरता उमगला आहे का? पूर्वी कार्यालयातला कुणीतरी, निदान नावापुरता, नकाशा तपासत होता. आता लहान घराच्या बाबतीत सरकारने तो भरवसा सही करणाऱ्यावर टाकला. दार उघडे झाले आणि दारावरचा पहारेकरी हाच एक परवानाधारक उरला. म्हणजे योग्य माणूस शोधण्याची गरज कायद्याने वाढवली. आपण मात्र त्याचा अर्थ उलटा घेतला: आता काय, कुणाचीही सही चालते!

दोन नकाशांचे घर

याचा परिणाम असा की आपल्या बहुतेक घरांचे नकाशे दोन असतात. एक मंजुरीचा, फाईलमध्ये घडी घालून ठेवलेला. दुसरा मिस्त्रीचा, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने काढलेला. घर दुसऱ्याप्रमाणे होते. पहिल्यात समोर दीड मीटर जागा सोडलेली असते, दुसऱ्यात तिथे दुकानाचा गाळा असतो. पहिल्यात एक मजला, दुसऱ्यात ‘पुढे वाढवू’ म्हणून वर सोडलेले गज. सही करणारा पुन्हा फिरकत नाही, कारण त्याला त्याचे पैसे दिलेले नसतात. जोत्याची तपासणी कागदावर होते. भोगवटा प्रमाणपत्र तर पुष्कळांनी पाहिलेलेही नसते.

हे सारे चालून जाते, ते एखाद्या रात्रीपर्यंत. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली. ती इमारत जुनीपुराणी नव्हती. तिला दहा वर्षेही झाली नव्हती. महाड हे महानगर नाही, तेही आपल्यासारखेच तालुक्याचे गाव. गुन्हा नोंदवला गेला तो विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारी अशा साऱ्यांवर. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला बेकायदा इमारतीचा भाग पडला आणि १७ जण दगावले. मुंबईच्या लोकलवर पोट असलेल्या माणसांनी तिथे घरे घेतली होती. त्या घरांच्या पोटात काय आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आपल्याकडे इमारती बुटक्या आहेत म्हणून आपण सुखरूप आहोत, असे मानण्याचे कारण नाही. मोठ्या गृहप्रकल्पांना निदान रेराची नोंदणी असते. स्वतःच्या भूखंडावर स्वतःचे घर बांधणाऱ्याला तेही छत्र नाही. तोच मालक, तोच बिल्डर आणि उद्या काही झाले तर तोच फिर्यादी.

इथे सही करणाऱ्या तरुण अभियंत्याची बाजूही ऐकली पाहिजे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, तंत्रनिकेतने वाढली. खेड्यापाड्यांतली मुले स्थापत्य अभियंते झाली. त्यातला एखादा पुण्या-नाशिकला न जाता तालुक्याला परततो, खोली भाड्याने घेतो. घरमालक त्याच्याकडे येऊन काय मागतो? उद्याच्या उद्या नकाशा आणि तोही शेजाऱ्याला दिला त्याहून स्वस्तात. फरशीच्या रंगासाठी तीन दुकाने फिरणारा, दाराच्या कोरीव कामाला हजारो रुपये मोजणारा गृहस्थ आराखड्याच्या फीला ‘कागदाचे पैसे’ म्हणतो. अशा बाजारात जो जागेवर येईल, खड्डा खणायला लावेल, लोखंडाचा वेगळा आराखडा देईल, तो महाग ठरतो आणि जो शिक्का मारेल तो चालतो. चांगल्या माणसाला बाजारातून हाकलून द्यायचे आणि मग ‘आपल्याकडे चांगला माणूस मिळत नाही’ म्हणायचे, हा आपलाच उद्योग आहे.

प्रत्येकाने नाशिकहून मोठा आर्किटेक्ट आणावा, असे कुणी म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घराला त्याची गरज नाही. ज्याच्या पात्रतेत ते काम बसते असा, गावाजवळचा आणि जागेवर येणारा अभियंता किंवा पर्यवेक्षक पुरतो. मजले वाढले, खाली दुकान आणि वर घर झाले, की संरचना अभियंता हवाच. त्याला काही सरळ प्रश्न विचारावेत. आपला परवाना कोणत्या वर्गाचा आणि त्यात माझे काम बसते का? भूखंड पाहायला आपण स्वतः येणार का? लोखंडाचा हिशेब कुणी केला, त्याचा आराखडा मिस्त्रीच्या हातात देणार का? पाया भरण्याआधी, जोत्याला आणि स्लॅब टाकण्याआधी अशा तीन वेळा तरी आपण हजर राहणार का? आणि मंजुरीचा नकाशा व बांधकामाचा नकाशा एकच असेल ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मालकाने स्वतःलाही द्यायचे आहे. फी एकरकमी न देता या तीन भेटींना बांधली, तर दोन्ही बाजूंचा विश्वास टिकेल.

गावाचे काम

पण सगळा भार घरमालकावर टाकून चालणार नाही. नगरपंचायतीने आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी एक साधे काम करावे. आपल्या हद्दीत सही करण्यास पात्र असलेल्यांची यादी, प्रत्येकाचा वर्ग आणि मर्यादा यांसह, कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, मग ही का लागू नये? जोत्याची तपासणी प्रत्यक्ष जागेवर व्हावी आणि तिची तारीख मालकाला आधी कळावी. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातल्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून काही दिवस अशा कामांवर पाठवले, तर त्यांना पुस्तकातला कॉलम खरा कसा दिसतो हे कळेल आणि गावालाही दोन जादा डोळे मिळतील. मिस्त्रींना तर सर्वांआधी शिकवले पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंडी प्रशिक्षणाची तरतूद आहे. तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवर याच योजनेतली घरे उभी राहतात. तिथे शिकलेला गवंडीच उद्या साक्रीतही काम करतो.

आणि घराहून मोठा प्रश्न गावाचा. एकेक घर उत्तम आखले आणि गाव तसेच सोडले, तर उत्तम घरासमोर गटाराचे पाणी साचणारच. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला पहिला. तो याच प्रांताने केला. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आजही लागू आहे. त्यानुसार विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. पण आपण हरकत घेतो ती आपल्या भूखंडावरून रस्ता गेला तरच. नाल्यावर ले-आऊट पडला, शाळेची जागा कुठेच उरली नाही, बाजाराला पार्किंग नाही, यावर हरकत घेणारा विरळा. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरते पाणी वळवतो आहे.

पांझरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी हे कधीच मान्य केले नसते. पाट एकट्याचा नसतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी पाटकरी नेमला, त्याला धान्य दिले आणि त्याचे ऐकले. आपल्यालाही घरासाठी आणि गावासाठी जाणता माणूस नेमायचा आहे, त्याला त्याचे मोल द्यायचे आहे आणि त्याचे ऐकायचे आहे. येत्या अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, ज्यांच्या घराचा पाया खणला जाणार आहे त्यांनी कुदळ मारण्याआधी एवढेच करावे: नकाशाखाली ज्याची सही आहे, त्या माणसाला एकदा भूखंडावर बोलवावे. तो आला, तर योग्य माणूस सापडला असे समजावे. नाही आला, तर घर अजून कागदावरच आहे. दुसरा माणूस शोधायला वेळ आहे.